पाच कोऱ्या चौकटी

पाटबंधारे खात्याच्या त्या कार्यालयात सेवापुस्तकं सांभाळणाऱ्या कारकुनाला सगळे कानामात्रा म्हणत, कारण त्याच्या लिखाणात काना-मात्रेचीही चूक सापडत नसे. अकराशे नोकरांची अकराशे पुस्तकं त्याच्या कपाटांत होती. कोण कधी लागला, कुठं बदलून गेला, किती रजा खाल्ली, कशाबद्दल ताकीद मिळाली, सगळं त्यात. दरारा असा, की एका शिपायाची उंची त्यानं पाच फूट दोन इंच लिहिली, तर पुढं इंचभर वाढलेला तो शिपाई भीतीनं परत खाली आला, असं लोक सांगत. खोटं असेल. पण शिपाई बुटका होता, एवढं खरं.

रिकामी चौकट मात्र कानामात्राला बघवत नसे. घासात खडा लागावा तशी ती त्याला सलायची. आणि तिथंच घात झाला.

त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा कालव्याच्या दारावर राखणदार होता. एका मंगळवारी तो दार उघडायला गेला, तो परत आलाच नाही. सहाव्या दिवशी नऊ मैल खाली, जाळीत एक प्रेत अडकलं. तोंड ओळखण्यासारखं उरलं नव्हतं, अंगावर चिंधी नव्हती. फक्त डाव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली, म्हणून तेवढी बोटं शाबूत.

बहिणीनं पाय पाहिले आणि मटकन खाली बसली. "हेच ते. ही भेगाळलेली टाच मी तीस वर्षं तेल लावून रगडलीय."

"बाई, टाचेची नोंद कुठं असते का?" हवालदार म्हणाला. "बोटांचे ठसे आणा. खात्याच्या पुस्तकात असतात."

"आहेत की!" तिच्या जिवात जीव आला. "पुस्तक माझ्या दादाकडंच आहे."

दादा पांढराफटक पडला.

मेहुण्याला तीस वर्षांपूर्वी त्यानंच नोकरीला चिकटवलं होतं. रुजू व्हायच्या दिवशी पहिलं पान भरता भरता निरोप आला, की बहीण अडलीय, दवाखान्यात नेलंय. मेहुणा वहाणा तिथंच टाकून पळाला. पानावर डाव्या हाताच्या पाच बोटांच्या पाच चौकटी राहिल्या, कोऱ्या करकरीत. संध्याकाळी पुस्तक सहीला जायचं होतं. कानामात्रानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि स्वतःची बोटं शाईत बुडवून एकेक करून उमटवली. घरातलाच तर माणूस! नंतर बघू, म्हणाला. नंतर कोण बघतो?

ठसे जुळले नाहीत. मग कागदांनी आपला हिशेब मांडला. प्रेत राखणदाराचं नाही, म्हणजे राखणदार जिवंत आहे, म्हणजे तो विनापरवानगी गैरहजर आहे. "गेला असेल कुणाचा तरी हात धरून. म्हातारपणी चळ लागतो एकेकाला," असं दोघं जण रस्त्यात बोलले, ते बहिणीनं ऐकलं. बेवारस प्रेत तीन दिवस ठेवायचा नियम होता.

कानामात्रा साहेबांपुढं जाऊन उभा राहिला.

"साहेब, ते ठसे माझे आहेत."

साहेब हसले. "बहिणीसाठी जीव तुटतो, कळतं मला. पण तुम्ही आणि चूक? अहो कानामात्रा, थाप मारावी ती पचेल अशी."

"माझी बोटं घेऊन बघा."

घेतली. पाचही जुळली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कानामात्राला वाटलं, सुटलो. नोकरी जाईल तर जाऊ दे, मेहुणा तरी घरी येईल.

"पुस्तक कुणाचं?"

"राखणदाराचं."

"बोटं कुणाची?"

"माझी."

"आणि दर वर्षी 'तपासले, बरोबर आहे' असं कुणी लिहिलंय?"

"मीच."

"तीस वेळा. मग राखणदार कोण?"

"साहेब, थट्टा करू नका हो."

"थट्टा कुठली? हे एक पुस्तक खोटं म्हटलं, तर तुमच्या हातची अकराशे खोटी ठरतील. वरचे मला उभा सोलतील. त्यापेक्षा असं करा, दारावर इतके दिवस गैरहजर राहिल्याचा खुलासा द्या. मग बघू."

"आणि तोवर प्रेत?"

"वर विचारतो." साहेबांचा आवाज उतरला. "खरं सांगू? चौकटी कोऱ्या असत्या ना, तर बायकोच्या ओळखीवर भागलं असतं. तसा नियमच आहे. ठसा नसेल तर बायकोचा शब्द. ठसा असेल तर मग ठसाच."

वर गेलेला कागद तीन दिवसांत खाली आला असं आजवर घडलेलं नाही. तेव्हाही घडलं नाही. तिसऱ्या दिवशी नगरपालिकेची गाडी आणखी दोन बेवारसांबरोबर त्यालाही घेऊन गेली. कुठं नेलं, ते गाडीवाल्यालाही धड सांगता येईना.

कानामात्रानं बहिणीच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं, कोऱ्या चौकटींचंसुद्धा. ती रडली नाही.

"म्हणजे मी अडले होते, त्या दिवशीचं हे?"

"हो गं. त्यात तुझा काय दोष? त्याला थांबायला वेळच नव्हता."

"त्या दिवशी नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आले होते ते कामावर. पोरगी झाली म्हणून सगळ्यांना सांगत सुटले होते. वहाणा न्यायला तुझ्याकडं आले आणि तुझ्या टेबलापाशी तासभर बसले, असं मला घरी येऊन सांगितलं होतं. बसले होते का रे, दादा?"

कानामात्रानं खाली पाहिलं.

"बसले होते," तो म्हणाला.

तिनं दार आपटलं नाही. हळूच लोटलं आणि आतून कडी लावली.