दुसऱ्यांदा दाखवलेले दाणे

"हा दाना मी पाह्यलाच नाई," ज्योत्स्ना म्हणाली. "दुसऱ्या कोनी पाह्यला असन."

गीतांजलीने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. पडद्यावर मक्याच्या एका दाण्याचा फोटो शेजारी शेजारी दोनदा होता. डावीकडच्या फोटोखाली लिहिलं होतं 'चांगला', उजवीकडच्या खाली 'बुरशी'. दोन्ही ठिकाणी तपासणाऱ्याचं नाव ज्योत्स्नाचंच. एक नोंद सोमवारची, एक गुरुवारची.

"ताई, हा एकच दाणा आहे. मी काही दाणे मुद्दाम दोनदा टाकले होते. मशीनला शिकवायचं तर शिकवणाऱ्याचं उत्तर पक्कं लागतं. म्हणून असं बघतात."

"म्हंजे माही परीक्षा घेतली तू."

"सगळ्यांचीच घेतात, ताई."

"किती चुकले?"

गीतांजलीने पडद्यावरचा आकडा वाचला. "दोनशे दाणे दोनदा दाखवले. त्रेपन्न ठिकाणी उत्तर बदललं."

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या या बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत ज्योत्स्ना तेवीस वर्षं दाणे पाहत होती. पांढरा ट्रे, भिंग आणि चिमटा. फुटका दाणा, किडका दाणा, बुरशीचा दाणा ती बोलता बोलता बाजूला काढायची. तिची सही झाली की बियाण्याचा लॉट विक्रीला जायचा. गीतांजली मार्चमध्ये अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आली होती, कॅमेरा आणि दिव्यांची एक पेटी घेऊन. तिने हजारो दाण्यांचे फोटो काढले आणि ज्योत्स्नाने पडद्यासमोर बसून एकेक दाणा चांगला की खराब ते सांगितलं. ती सांगेल ते मशीन शिकणार होतं. पहिल्याच आठवड्यात ज्योत्स्नाने विचारलं होतं, "माह्याकून शिकून मलेच घरी बसवतीन का वं?" गीतांजली नुसती हसली होती. तेव्हापासून ज्योत्स्नाच्या जिवाला चैन नव्हतं. आज त्यावर हे.

"तुह्या पडद्याचा दोष असन," ती म्हणाली.

गीतांजलीने वाद घातला नाही. फोटो काढलेले दाणे तिने नंबर घालून छोट्या पाकिटांत जपले होते. त्यातले दहा दाणे काढून तिने खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर मांडले. बाहेर मे महिन्याचं लख्ख ऊन होतं.

"यातले गुलाबी बुरशीचे काढा, ताई."

ज्योत्स्नाने चिमटा घेतला. एकेक दाणा उलटा केला, पुन्हा सुलटा केला, भिंगाखाली धरला. दोन बाजूला काढले. मग गीतांजलीच्या तोंडाकडे पाहिलं.

"किती हायेत?"

"सहा."

ज्योत्स्ना पुन्हा खाली वाकली. कागदावर उरलेले आठही दाणे तिला सारखेच पिवळे दिसत होते.

त्यानंतरचे दोन दिवस ती एका जागी बसली नाही. घरी भाजी निवडताना उठायची, ओट्यावरचा टमाटर घेऊन दारापाशी उजेडात धरायची. शनिवारी नवरा नागसेन तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. अशा वेळी सगळ्यावर पिवळसर झाक येते, फिके रंग आधी जातात, आणि हे इतकं हळू होतं की माणसाला कळत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. वर्ष-दीड वर्ष तरी झालं असावं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना नागसेन निर्धास्त झाला होता. "ऑपरेशननं होते ना दुरुस्त! मंग कायची काळजी करून राहिली तू?"

"माहे डोये दुरुस्त होतीन," ज्योत्स्ना म्हणाली. "पन दीड वर्सात मी जे पास केलं, थे?"

नागसेनने गाडीला किक मारली.

मागच्या वर्षीचं बियाणं पेरून, कापून झालं होतं. त्याचं आता काही करता येत नव्हतं. या हंगामातले मक्याचे अकरा लॉट मात्र अजून गोदामात होते. सोमवारी सकाळी ज्योत्स्नाने कपाटातून त्या अकरा लॉटचे राखून ठेवलेले नमुने काढले आणि गीतांजलीच्या टेबलावर ठेवले.

"तुह्या मशीनले हे दाखव."

"त्याचा उपयोग नाही, ताई." गीतांजली अवघडली. "मशीन तुमच्याकडूनच शिकलं आहे. तुमची उत्तरं जिथे बदलली, तिथे त्यालाही कळत नाही."

ज्योत्स्ना खुर्चीत बसली. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"पण फोटोतला नुसता रंग मोजता येतो," गीतांजली म्हणाली. "त्याला तुमचं उत्तर लागत नाही. फक्त दाण्यावर कुठे बघायचं ते मला नीट माहीत नाही."

"थे मले माईत हाय. टोकापासून पाह्य. अन् कोंबाच्या बाजूनं बारीक रेघा असतात, थ्या सोडू नको."

मग दोघी बसल्या. ज्योत्स्ना प्रत्येक दाणा चिमट्याने बरोबर बाजूवर ठेवायची, गीतांजली फोटो घ्यायची, पडद्यावरचा आकडा वाचायची आणि स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायची. मंगळवारी दुपारपर्यंत दहा लॉट झाले. दहाही ठीक निघाले. ज्योत्स्नाला वाटलं, सुटले. शेवटी सत्तावीस नंबरचा लॉट होता. त्यातल्या चारशे दाण्यांत एकतीस गुलाबी निघाले. कंपनीच्या नियमात जास्तीत जास्त आठ चालत होते.

आणि सत्तावीस नंबर त्याच वेळी तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांसाठी ट्रकमध्ये भरला जात होता.

प्रयोगशाळेचे प्रमुख कुलदीप सर वयाने ज्योत्स्नापेक्षा बरेच लहान होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि केबिनचं दार लोटून घेतलं.

"उगवण ब्याण्णव टक्के आहे, ताई. कागद पूर्ण आहेत. कोण बघणार आहे?"

"उगवन होईन, सर. रोपं वीतभर होतीन अन् मंग माना टाकतीन. अन् थो शेतकरी म्हनन, माह्याच हातून पानी कमी पडलं."

"वर कळवावं लागेल. तुमचं नाव येईल. तुमची नोकरीची चार वर्षं राहिली आहेत."

"एक कागद द्या. मी लेखी देईन."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. ज्योत्स्नाने उभ्यानेच लिहिलं: 'लॉट क्रमांक २७ ची बुरशी तपासणी मी केली होती. ती चुकली आहे. मला गुलाबी रंग नीट दिसत नाही. लॉट थांबवावा.' खाली सही केली.

कुलदीप सरांनी तो दोनदा वाचला आणि गेटवर फोन लावला. फोन ठेवल्यावर तिच्याकडे न पाहता म्हणाले, "आजपासून तुम्ही सही करू नका, ताई. पुढचं वरून येईल तसं."

हे होणार हे तिला माहीत होतं. तिने दार उघडलं.

बाहेर गीतांजली उभी होती. "मशीनमधली माही गुलाबीची सगळी उत्तरं काढून टाक," ज्योत्स्ना तिला म्हणाली. "फुटके, किडके राहू दे. थे बरोबर हायेत."

गोदामासमोर ट्रक जवळजवळ भरला होता. हमालांनी वर ताडपत्री टाकून एका बाजूने दोरही आवळला होता. जुन्या शहरातून रोज सायकलने येणारे नत्थुजी हमालांत सगळ्यांत वयस्क होते. ते कमरेवर हात ठेवून गरजत होते.

"सकायपासून भरून राहिलो, अन् आता म्हन्ते उतरवा! कोन सांगतलं हे?"

"नत्थुजी, थोडा तांत्रिक—" गीतांजलीने सुरुवात केली.

"मी सांगतलं," ज्योत्स्ना म्हणाली. "माही चूक झाली. बियानं खराब हाय."

हमाल तिच्याकडे पाहू लागले. तेवीस वर्षं तिला ते फक्त काचेआड, पांढऱ्या कोटात पाहत आले होते. नत्थुजींनी दुपट्ट्याने मान पुसली. मग वळून ट्रकच्या फळीला पाठ दिली. वरच्या हमालाने पहिलं पोतं त्यांच्या पाठीवर सोडलं.

"कुठी ठेवू, बाई?"

"इकडं. भिंतीपाशी. बाकीच्यात मिसयू देऊ नका."

तिने गेटवरच्या कारकुनाकडून जाड काळा मार्कर मागून आणला. पोती भिंतीशी लागत गेली तशी ती वाकून एकेकावर फुली मारत गेली. दुरूनही दिसेल अशी मोठी, या काठापासून त्या काठापर्यंत. ऊन पाठीवर आलं होतं. गीतांजली मदतीला पुढे झाली, तेव्हा ज्योत्स्नाने मान हलवून नको म्हटलं आणि पुढच्या पोत्याकडे सरकली.