आभाराची कोंबडी

आपली किंमत चारचौघांत मोठ्या आवाजात पुकारलेली तुम्ही कधी ऐकली आहे का? मी ऐकली आहे, आणि तीही एकाच सकाळी पुन्हा पुन्हा. पुकारणाऱ्याचा आवाज शेवटी का अडखळला हेही मला ठाऊक आहे, कारण मी त्याच्याच घरची होते.

मी एक गावठी कोंबडी बोलतेय. अंगानं तांबडी-काळी, मानेवर सोनेरी झाक. पाठीवर मात्र बोटभर जागेत पीस उगवत नाही. ती उघडी जागा कशी झाली, तिथूनच सुरुवात करते.

मिरजगावहून चालत निघालं की तासाभरात आमची वस्ती लागते. मार्थाबाईंनी अंडी जमवली तेव्हा त्यांची स्वतःची कोंबडी काही खुडूक बसेना. मग त्यांनी ती शेजारच्या साळूबाईंच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. अंडं एका घरचं आणि ऊब दुसऱ्या घरची, अशी मी जन्माला आले. साळूबाई शेतकरी घरातल्या, त्यांच्या देव्हाऱ्यात खंडोबा. मार्थाबाई ख्रिस्ती, रविवारी देवळात उपासनेला जाणाऱ्या. कवचाच्या आत असताना मला यातलं काही कळत नव्हतं. ऊब तेवढी कळत होती.

पिसं फुटायच्या आधीच एकदा माझ्यावर सावली पडली. पाठीत काटे रुतले आणि जमीन खाली खाली जाऊ लागली. घारीनं मला उचललं होतं. मी भ्यायला हवं होतं, पण खरं सांगते, मी बघतच राहिले. आमच्या जातीत गाव वरून पाहिलेली मी एकटीच असेन. साळूबाईंचं शेत गोधडीच्या ठिगळाएवढं दिसत होतं. नगरकडे जाणारा रस्ता दोरीसारखा पडला होता आणि लांब सीना नदीची ओळ चमकत होती. एवढं मोठं जग आहे आणि त्यात दाणा टिपायला मला जागा आहे, याचं मला त्या पंजातसुद्धा नवल वाटलं.

खाली मार्थाबाई परात बडवत, ओरडत धावत होत्या. घार बिचकली, पंजा सुटला आणि मी त्यांच्याच छपराच्या गवतात येऊन पडले. मार्थाबाईंनी मला ओंजळीत घेतलं, पाठीवर हळद दाबली आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "तुला देवानं परत दिली. तू आता आभाराची. मोठी हो, मंग कापणीच्या सणाला तुला देवापुढं नेते."

"देवानं न्हाई, तुझ्या परातीनं दिली," साळूबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. "परातीलाच ने सणाला."

दोघी हसल्या. पण शब्द दिला गेला होता आणि तो मार्थाबाईंच्या सासूबाईंनीही ऐकला होता.

मी वाढले आणि अंडी घालू लागले. तेव्हा मला माणसांच्या घरातली मोठी नवलाई कळली. मी घातलेलं अंडं मार्थाबाई बाजारच्या दिवशी मिरजगावला न्यायच्या. संध्याकाळी त्याचीच चहाची पुडी आणि गुळाचा खडा होऊन यायचा. पहाटे त्या पुडीतली चिमूट उकळत्या पाण्यात पडली की साऱ्या घरात वास भरायचा. माझ्या पोटातून निघालेलं पांढरं अंडं इतक्या वाटा फिरून वास होऊन परत येतं, याचं कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मार्थाबाई तो कोरा चहा बशीत ओतायच्या, त्यावर फुंकर घालायच्या आणि पहिला घोट घेताना डोळे मिटायच्या. तेवढा वेळ त्यांच्या कपाळावरची आठी नाहीशी व्हायची. मीठ संपलंय, रॉकेल तळाला गेलंय, सासूबाईंचा गुडघा दुखतोय, सगळं त्या मिटल्या डोळ्यांबाहेर थांबायचं. सासूबाई म्हणजे रेबेकाबाई उंबऱ्यात बसून मिश्री लावायच्या, त्यांचंही तसंच. फिलिप, म्हणजे मार्थाबाईंचे यजमान, कामावरून आले की घडाभर पाणी मागायचे आणि पाय धुताना भजनाची एखादी ओळ मोठ्यानं म्हणायचे. आवाज असा की खुराड्यात माझा तुरा हलावा. माझं सुख म्हणाल तर चुलीमागची गार राख आणि तीत पंख पसरून लोळणं. सुखं सगळ्यांचीच एवढीएवढीशी होती. पण ती रोज येत होती.

मग बहात्तर साल आलं. आदल्या वर्षीही पावसानं हात आखडला होता, यंदा तर त्यानं तोंडच दाखवलं नाही. साळूबाईंच्या शेतात पेरलेलं बी तसंच राहिलं. ते टिपायला मीही गेले होते, खोटं कशाला बोलू? सरकारनं रस्त्याचं काम काढलं आणि जमीन असलेले, नसलेले सगळे हातोडी घेऊन खडी फोडायला एका रांगेत बसले. मार्थाबाईंच्या शेजारी साळूबाई बसायच्या. संध्याकाळी दोघींच्या केसांत एकसारखीच धूळ असायची.

घरातल्या बाकी कोंबड्या एकेक करून बाजारात गेल्या. मी उरले, कारण मी आभाराची होते. आणि नेमकं तेव्हाच माझं अंडं बंद झालं. पीस झडलं, अंगातली आग ओसरली, खायला दाणा नव्हता. मी टोपलीत जाऊन बसायची, जोर करायची आणि रिकामीच उठायची. बाजारातून पुडी येईनाशी झाली. पहाटे वास नाही. मार्थाबाई बशी धुवून फडताळात पालथी ठेवून द्यायच्या. त्या बशीकडे बघायचं मला धाडस व्हायचं नाही.

सण जवळ आला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पीक घरात आलं की आमचे ख्रिस्ती लोक त्यातलं पहिलं देवापुढं ठेवतात. बाजरीची कणसं, भोपळा, शेंगा, कुणी कोंबडी. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो आणि पैसे देवळाला जातात. गंमत अशी की बोली जिंकणारा पुष्कळदा वस्तू घरी नेतच नाही. "परत देवाला," म्हणतो आणि तीच वस्तू पुन्हा पुकारली जाते. एकेक भोपळा असा कितीदा तरी विकला जातो. पुकारण्याचा मान दरवर्षी फिलिपचा, त्या आवाजासाठी.

फिलिपनं मला नेऊ नये म्हणून पुष्कळ सांगून पाहिलं. यंदा पीकच नाही, तर कापणी कसली? बाजारात विकू, नाहीतर आईला रस्सा तरी मिळेल. शेवटी ते चिडले. "देव काय उपाशी हाय का मार्थे?"

"त्याला न्हाई भूक," मार्थाबाई म्हणाल्या. "पर शबूद मी दिलाय."

"मंग शबूदच खा भाकरीसंगं," रेबेकाबाई आतून म्हणाल्या. "आन् म्हातारीला बी वाढ थोडा."

पण मार्थाबाईंना बोचत होतं ते वेगळंच. अंडं न देणारी कोंबडी देवाला द्यायची, म्हणजे नको ते त्याच्या गळ्यात मारायचं, असं त्यांना वाटत होतं. रेशनवर तेव्हा मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापली की चिरायची. रोज दळायला घेण्याआधी मार्थाबाई त्यातली मूठ बाजूला काढायच्या आणि घरच्यांची पाठ वळली की माझ्यापुढं टाकायच्या. मग त्यांची स्वतःची भाकरी बाकीच्यांपेक्षा लहान व्हायची. हे मी एकटीनं पाहिलंय. मी कोंबडी आहे, दाण्याचा हिशेब मला कळतो. उपाशी माणूस दुसऱ्याच्या चोचीत दाणा टाकतं, हे मात्र घारीच्या पंजातून पाहिलेल्या जगाहूनही मोठं होतं.

तरीही माझं अंडं आलं नाही.

सणाच्या सकाळी मार्थाबाईंनी मला डालग्यात घालून नेलं. फिलिप मागून आले. त्यांच्या डोक्यावर घमेलं होतं आणि घमेल्यात खडी. आपल्या हातानं फोडलेली, काळी, टोकदार. देवळात ते सरळ पुढं गेले आणि घमेलं मेजावर ठेवलं. "यंदा माझं हेच पिकलं," एवढंच म्हणाले. ते रागाचं बोलणं होतं हे सगळ्यांना कळलं. कुणीतरी फिसकन हसलं. मार्थाबाईंची मान खाली गेली.

देवळाचे धर्मगुरू, म्हणजे पाळक यशया, यांनी घमेल्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग आपल्या उपरण्यानं त्याची धूळ पुसली आणि ते माझ्या डालग्याशेजारी नीट सरकवून ठेवलं. मेजावर तेवढंच होतं. मी, खडी आणि कुणी आणलेल्या वाटीभर चिंचा. प्रार्थनेत ते म्हणाले, बापा, हे आमच्या हातांचं पीक आहे, घे. फिलिप खिडकीबाहेर बघत राहिले.

मग मेज अंगणात आणून लिलाव सुरू झाला. फिलिपनं मला वर धरलं. बोली आण्यांवरूनच सुरू झाली. एकानं घेतली आणि म्हणाला, परत देवाला. दुसऱ्यानं घेतली, परत देवाला. खडी फोडून भेगाळलेले हात कनवटीला जात होते, नाणं काढून पाळकांच्या ताटलीत टाकत होते आणि रिकामे होऊन परत येत होते. मला कुणी घरी नेत नव्हतं. सगळ्यांच्या घरी चूल होती, सगळ्यांना भूक होती, आणि मी नुसतीच या हातातून त्या हातात फिरत होते.

पण नाणी कधीतरी संपतातच. बघायला आलेल्यांत हमरस्त्यावर खानावळ चालवणारे, सगळे ज्यांना कारभारी म्हणत, ते होते. त्यांनी खणखणीत चार रुपये म्हटले. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांना कोंबडी हवी होती, इतकंच.

"चार रुपये एकवार," फिलिप म्हणाले. "चार रुपये दोनवार."

आणि थांबले. त्यांचा अंगठा माझ्या पाठीवरच्या उघड्या जागेवर होता.

"फिलिपराव," कारभारी म्हणाले, "तीन म्हनायचं इसरलात जनू."

"पाच," दाराकडून आवाज आला.

साळूबाई होत्या. दरवर्षी त्या शेंगा घ्यायला म्हणून यायच्या आणि कुंपणाच्या दारात उभ्या राहायच्या. कारभारींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मार्थाबाईंकडे पाहिलं आणि चिंचा किती म्हणून विचारलं. फिलिपनं तीनवार एका दमात म्हणून टाकलं. साळूबाईंनी पदराची गाठ सोडून आठवड्याची मजुरी मोजून दिली, मला काखेत घेतलं आणि परत देवाला काही म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, संपलं.

त्यांच्या काखेतूनच मी पुढचं पाहिलं. मेजावर आता फक्त घमेलं राहिलं होतं. फिलिपनं ते उचललं, पण पुकारायचं काय? दगडाला कोण बोली लावणार? तेव्हा मार्थाबाई पुढं आल्या. त्यांच्या पदराच्या टोकाला चार आणे बांधलेले होते. चहाच्या पुडीसाठी कधीपासून राखलेले, हे मला ठाऊक होतं. त्यांनी ते पाळकांच्या ताटलीत टाकले.

"चार आणे," त्या म्हणाल्या. "माझ्या घरधन्याचं पीक हाय. दुसऱ्याच्या घरात कसं जाऊ दिऊ?"

या वेळी कुणी हसलं नाही. फिलिपनं एकवार-दोनवार काही म्हटलंच नाही. मार्थाबाई हळूच म्हणाल्या, परत देवाला. मग दोघांनी मिळून ते घमेलं देवळाच्या दाराशी नेलं आणि खडी पायरीपुढच्या खळग्यात पसरली.

कोंबडीला विकत कुणीही घेवो, अंधारू लागलं की ती आपल्या खुराड्याकडे वळते. साळूबाईंनी मला मोकळं सोडलं आणि मी कुंपणाखालून सरळ घरी आले. मार्थाबाई मला बघून उठल्या, पण त्यांच्या आधी फिलिपनं मला उचललं आणि परत कुंपणापाशी नेलं.

"साळूवैनी, तुमची कोंबडी आमच्यात आली."

"तिला घर कळतंय, आपल्यालाच कळंना," साळूबाई म्हणाल्या. "मी दिसभर कामावर, तिला कोन बघनार? अर्धलीनं ठिवा तुमच्याकडं."

अर्धल म्हणजे जनावर एकाचं, सांभाळ दुसऱ्याचा आणि जे होईल ते निम्मं निम्मं. आमच्या भागात शेळ्या, कोंबड्या अशाच राहतात. त्यात कुणाचे उपकार नसतात.

"अंडं देत न्हाई ती," फिलिपनं खरं ते सांगितलं.

"निम्मी तर माझ्याच कोंबडीखाली उबलीया. देईल." आणि आत वळता वळता त्या म्हणाल्या, "न्हाई दिलं तर निम्मी परात वाजवीन."

फिलिप हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं. पाय धुताना त्यांनी भजनाची ओळ म्हटली, आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात.

आता मी बरीच म्हातारी झाले आहे. तुरा वाळला आहे, अंडी क्वचितच होतात. दोन्ही अंगणांत मला मोकळीक आहे. देवळाच्या पायरीपुढं ती खडी अजून आहे, तिच्यात दाणे अडकतात म्हणून मी तिकडे जाते. तुम्हाला एकच सांगणं आहे. पहाटे चहाची बशी तोंडाला लावाल, तेव्हा पहिल्या घोटाला डोळे मिटा. तो घोट तुमच्यापर्यंत यायला कितीजण आपल्या वाट्यातलं काढून देतात, हे मी पाहिलं आहे.

आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते राहिलंच. मी चुलीमागच्या टोपलीत अंडं घातलं. ते निम्मं करता येईना, म्हणून मार्थाबाईंनी ते साळूबाईंना नेऊन दिलं, आणि साळूबाईंनी डब्याच्या तळाची चिमूट खरवडून चुलीवर दोघींपुरता चहा ठेवला.