मारक्याला वेगळी दावण

आमच्या गोठ्यात वजीरला वेगळी खोली हाय. वजीर म्हणजे आमचा शर्यतीचा बैल. खोलीत फॅन हाय, खाली रबरी मॅट हाय, आणि दुपारी बारानंतर तिकडं कुणी मोठ्यानं बोलायचं न्हाई, कारण साहेब आडवे झालेले असतात. हे सगळं कुणी केलं, तर गोरखआप्पांनी. माझे चुलते. पिंपरी पेंढारच्या घाटावर, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवर, फेटा बांधून सगळ्यांच्या पुढं पळत असतात ते. रुपाली, हसू नको, पुढचं ऐक, माझं डोकं अजून तापलेलं हाय.

दीड वर्षामागं आमच्या बंगल्याची वास्तुशांत झाली ना, तेव्हा आप्पांच्या कुणा दोस्तानं तीन फुटी टाकी दिली, आणि त्यात एक फ्लॉवरहॉर्न. लाल मासा असतो बघ, कपाळावर टेंगूळ. घरात बरकत येती म्हणे त्यानं. आला तेव्हा माझ्या बोटाएवढा व्हता. आप्पांनी सुताराकडून हॉलच्या शोकेसमध्ये बरोब्बर तीन फुटाचा कप्पा करून घेतला, टाकी त्यात फिट, वर लाईट, आणि माशाचं नाव सरदार.

इथवर ठीक. पण आठ दिवसांनी आप्पांच्या डोक्यात आलं, हा एकटाच कसा? आता शर्यतीच्या गाडावाल्यांना एकटं जनावर बघवतच न्हाई, त्यांना जोड लागती. "एकटा खंगल तो, समे," म्हणाले, "जा, नारायणगावातून ह्याच्या मापाचा दुसरा बघून आण." आणि मी गेले. बावळट मी. बैलाची जोड बघतात तशी लांबी बघितली, अंग बघितलं, चाल बघितली, आणि ऑस्कर जातीचा एक मासा आणला, काळा, अंगावर नारिंगी ठिपके. दुकानदार सांगत व्हता, ताई, हे दोन्ही मोठे व्हतात आणि दोन्ही भांडखोर, तीन फुटात एकाचीच दाटी व्हईल, दोन ठेवू नका. मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. तर आप्पा म्हणतात, "त्याला मोठी टाकी खपवायचीय. मासा टाकीच्या मापानंच वाढतो."

वाढले ना मग. वीत आणि वर चार बोटं, दोघंबी. टाकीची रुंदी फूटभर. सरदारला वळायचं म्हणलं की शेपटी काचेला घासायची, आणि तो राग काढायचा ऑस्करवर. ऑस्कर आपला फिल्टरच्या मागं, तोंड कोपऱ्यात घालून. खायला बाहेर आला की धडक. आणि आता यात्रांचा सीझन, रोज संध्याकाळी हॉलमध्ये पावणं. रामदासकाका हायेत ना, आप्पांच्या गाड्यातले भागीदार, ते काचेवर टिचक्या मारायचे, "लाग की रं गड्या त्याला," आणि सगळे चहा पीत हसायचे. मी किती वेळा म्हणलं, काका, नका ना मारू. तर म्हणे, "पोरी, मर्दाचा खेळ हाय हा."

मागच्या मंगळवारी सकाळी बघते तर ऑस्करची शेपटी फाटक्या फडक्यासारखी, खाली वाळूत खवले पडलेले, एक डोळा पांढरा. मी तशीच गोठ्यात गेले. आप्पा वजीरला धूत व्हते.

म्हणलं, "आप्पा, ऑस्कर मरंल. मोठी टाकी आणा, आणि दोघांना वेगळं करा."

"शोकेस तीन फुटाचं हाय."

"मग शोकेस फोडा."

"सागवानी हाय ते. डोकं फिरलं का तुझं?"

"ह्या वजीरनं शेजारच्या बैलाच्या बरगडीत शिंग घातलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी गवंडी आणून भिंत घातली का न्हाई तुमी? का म्हणलात, खेळू द्या?"

"ते जित्राब हाय."

"आणि हा?"

"मासा काय जित्राब हाय व्हय. जा, आईला चहा टाकायला सांग."

माझ्या तोंडावर. नाय सांगितला मी चहा. बादली घेतली. गोठ्याच्या बाजूला जनावरांना पाणी पाजायचा हौद हाय आमचा, बारा फूट लांब, वर चिंचेची सावली. ऑस्करला टाकीतल्या पाण्यासकट बादलीत काढलं, तासभर बसून वाटी-वाटीनं हौदाचं पाणी त्यात मिसळलं, आणि मग सोडला. आधी तळाशी जाऊन बसला. मला वाटलं, गेला. मग वळला. नुसता वळला गं. पार त्या टोकाला जाऊन परत आला. दीड वर्षात त्याला एवढं पोहताना मी पयल्यांदा बघितलं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

दुपारी आप्पा वजीरला पाण्यावर घेऊन आले आणि हौदात बघून ओरडलेच, "बैलाच्या पिण्यात मासा? रविवारी शर्यतीत बारी हाय माझी. काढ आधी."

मी हौदाच्या कडेवर बसले. म्हणलं, "वजीरला विचारा. तो न्हाई प्याला तर काढते."

वजीरनं हुंगलं, एकदा फुसकारला, आणि लागला प्यायला, नेहमीसारखा, मान वर न करता. ऑस्कर दुसऱ्या टोकाला निवांत. आप्पा नुसते बैलाकडं बघत राह्यले. माशाकडं एकदा बी न्हाई. "उन्हाळ्यापुरता," म्हणाले आणि गेले.

आई म्हणाली, मिळालं ना, आता गप बस. बसलेबी असते. पण रविवारी बारी चांगली झाली आणि घरात दहा-बारा गाडावाले पावणं. रामदासकाकांनी शोकेसकडं बघितलं, "दुसरा कुठंय? मेला का?"

आप्पा काय म्हणाले असतील सांग, रुपाली. "मरंल कशानं? मीच काढला. मारक्याला वेगळी दावण लागती, हे शर्यतीवाल्याला सांगावं लागतं व्हय?"

सगळे माना हलवतायत. मी चहाचा ट्रे धरून उभी. मी म्हणलं, "आप्पा, पण मारका तर अजून शोकेसमध्येच हाय. त्याला सरळ वळताबी येत न्हाई. वजीरला असं बांधाल का तुमी?"

मग रामदासकाका, टिचक्या मारणारे तेच, म्हणतात कसे, "पोरगी बरोबर बोलतीय गोरखशेठ." आप्पांचे कान लाल झाले. "सांगितलीय की," म्हणाले, "सहा फुटी. ह्याच आठवड्यात येतीय."

कशाची सांगितलीय. कुणाला सांगितली न्हवती. पण गाडावाल्यांपुढं गेलेला शब्द आप्पा मागं घेत न्हाईत, हे मला ठाऊक व्हतं, म्हणूनच तिथं बोलले. आज सकाळी सुतार आला. शोकेस निम्मं उतरवलंय, सगळ्या हॉलमध्ये भुसा, टाकी गुरुवारी येतीय. ऑस्करचं अजून भांडायचंय. थंडीत हौदाचं पाणी गार पडलं तर तो टिकणार न्हाई, त्यालाबी स्वतःची टाकी लागंल, दिवाळीच्या आत.

आप्पा माझ्याशी बोलत न्हाईत. आई म्हणती, मोठ्या माणसाला चारचौघांत बोललीस, पाया पड आणि मिटव. नाय पडणार. दीड वर्ष मी एकट्यात बोलत व्हते, तेव्हा कुणी ऐकलं माझं?