साखर ओढणारं कडं

अमडापूरच्या बसस्टँडसमोर हरिओमच्या दुकानाबाहेर त्या दिवशी इतकी गर्दी होती, की चिखलीच्या एसटीला वळायला जागा उरली नाही. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून हात टेकले आणि खिडकीतून मान काढून तोही बघत बसला.

"आलं का बे हरिओम माझं?"

"माह्ये दोन हायेत, दोन! एक घरवालीचं."

"ढकलू नका न बाप्पा, सगळ्याईचे आले!"

आलं होतं ते ऑनलाइन मागवलेलं कडं. पार्सलवाल्याला अमडापूरच्या गल्ल्या ठाऊक नाहीत आणि ठाऊक करून घ्यायची हौसही नाही. तो सगळं पोतं हरिओमच्या काउंटरवर ओततो आणि मोटरसायकलला किक मारतो. गावाचे दाखले, पीकविम्याचे अर्ज, पोरांचे परीक्षेचे फॉर्म हरिओमच भरतो, तशी गावाची खरेदीही त्याच्याच एका फोनवरून होते. आणि गेले दोन महिने गाव एकच वस्तू मागवत होतं: शर्करांतक चुंबकीय कडं.

या कड्याचं शास्त्र जाहिरातीत दिलेलं होतं. रक्तात लोह असतं, लोहाला साखर चिकटते, कडं लोहाला खेचतं, मग साखर बिचारी सुटी पडते आणि घामावाटे निघून जाते! गोळी नको, पथ्य नको, सुई तर नकोच. खाली बारीक अक्षरात आणखी एक रत्न होतं. जखम वाहू लागल्यास घाबरू नये, साखर बाहेर पडत आहे. हे सगळं कुणी छातीवर माळा घालून सांगितलं असतं, तर अमडापूरच्या लोकांनी निदान त्याचं गाव तरी विचारलं असतं. पण इथे महाराज नव्हता. इथे पावणेपाच तारे होते आणि चार हजार लोकांचे अभिप्राय होते.

रस्त्याच्या पलीकडे पुष्पांजली आपल्या लॅबच्या दारात उभी राहून हे बघत होती आणि आतल्या आत जळत होती. रक्त-लघवी तपासणीची तिची एका खोलीची लॅब. पूर्वी सकाळी उपाशीपोटी आलेले आठ-दहा जण तरी बाकावर बसलेले असायचे. आता बाक रिकामा. काही बोलायला जावं तर लोक हसून म्हणत, "म्याडम, तुमचा धंदा बसला न, म्हून राग येऊन राह्यला तुमाले."

धंद्याचं तिला काही नव्हतं. राग होता तो घरातल्या कड्याचा. तिचे सासरे रामराव गावातले पहिले कडेवाले. पंधरा वर्षांची शुगर, आणि कडं आल्या दिवसापासून गोळ्या बंद. डाव्या पायाच्या बोटाला आधीच एक जखम होती, ती आता चांगलीच चिघळली होती. पुष्पांजलीनं एकदा हट्टानं रक्त घेतलं तर साखर चारशे बारा. रामराव म्हणाले, "तुह्यं मशीन बिघडलं, सूनबाई."

तिनं त्यांच्यासमोर साखरेचा डबा उघडून कडं आत घोळवलं. एक कण चिकटला नाही. रामराव शांतपणे म्हणाले, "डब्यातली साखर येगळी, रक्तातली येगळी." नवरा राजकुमार नोकरीनिमित्त खामगावला, तो फोनवर म्हणे, "बाबाले दुखवू नको, हळूहळू समजाव." हळूहळू! त्या सकाळी पट्टी बदलताना तिनं पाहिलं, तर बोटाचं टोक काळं पडलं होतं.

"मामाजी, पाया पडतो तुमच्या. आताच्या आता चिखलीच्या डॉक्टरकडे चला."

"दुसरं कडं येऊन राह्यलं आज. ते पायात घालतो. आठ दिवस पाहू, मंग जाऊ."

आठ दिवसांत पाय घोट्यापर्यंत जाईल हे ती जाणत होती. आणि या माणसाला ते सांगायचं कसं, हे तिला कळत नव्हतं.

लॅबमध्ये बसून तिनं त्या कड्याचं पान स्वतःच्या फोनवर पहिल्यांदाच उघडलं. आजवर रागापोटी पाहिलंच नव्हतं. हे चार हजार लोक आहेत तरी कोण? तिनं सगळ्यांत जुने अभिप्राय आधी लावले आणि वाचत सुटली. पहिला वाचला, दुसरा वाचला, दहावा वाचला. मग ती खुर्चीतून ताडकन उठली आणि चपला घालायचंही विसरून रस्ता ओलांडून गेली.

रामराव काउंटरजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर नवं कडं होतं.

"ऐका जरा सगळे!" पुष्पांजली ओरडली. सुनेचा आवाज सासऱ्यासमोर असा चढलेला गावानं कधी ऐकला नव्हता, म्हणून गर्दी गप्प झाली. "या कड्याचे अभिप्राय वाचून दाखवतो. पहिला. 'डोक्याला बांधली की दोन्ही हात मोकळे. रात्री पाणी द्यायला लय कामाची.'"

कुणाला काहीच कळेना.

"दुसरा. 'एकदा चार्ज केली की पहाटेपर्यंत चालते. पाच तारे.' तिसरा ऐका. 'उजेड चांगला, पट्टा थोडा ढिला.'"

"म्याडम, हे तं बॅटरीचं हाये," एक जण म्हणाला.

"बॅटरीचंच हाये! या पानावर आधी डोक्याला बांधायची बॅटरी विकत होते. ती खरंच चांगली होती, लोकांनी खरेच तारे दिले. मंग यानं बॅटरी काढली, तिथंच कड्याचा फोटो लावला, नाव बदललं. तारे जसेच्या तसे! चार हजारातले साडेतीन हजार लोक बॅटरीले चांगलं म्हणून राह्यले, अन् तुमी गोळ्या बंद करून राह्यले!"

गर्दीत खसखस पिकली. पण गुलाबराव हसले नाहीत. गुलाबराव म्हणजे बैलांचा पारखी माणूस. गोऱ्हा घ्यायचा तर दात बघणार, चालवून बघणार, आधीच्या मालकाच्या गावी जाऊन चौकशी करणार. ते पुढे आले.

"खालच्याईचं जाऊ द्या. वरचे तं आपल्या गावचे हायेत. माणसं वळखीची. म्या कडं घेतलं ते तुमच्याच घरचं वाचून."

"आमच्या घरचं?"

गुलाबरावांनी फोन पुढे केला. रामरावांचा फोटो, कडं घातलेला हात वर. खाली मजकूर: 'दहा दिवसांत शुगर चारशेवरून शंभरवर. पायाची जखम सुकली. माझी सून लॅब चालवते, तिने स्वतः तपासून खात्री केली. रामराव, अमडापूर.'

गेले दोन महिने ज्यांना ती कंठशोष करून सांगत होती, ते सगळे तिच्याच शब्दावर कडं घेत होते, आणि तिचं तोंडचं बोलणं धंद्याचा राग समजून सोडून देत होते!

"मामाजी, हे तुमी लिहिलं?"

"म्या?" रामराव गोंधळले. "मले कुठं लिहिता येते फोनवर? म्या तं गुलाबचं ऐकून घेतलं. गुलाबचं अदुगर आलं, असं हरिओम म्हणे न."

"अदुगर कोठचं?" गुलाबराव उसळले. "म्या तुमचं वाचल्यावर मांगवलं! अन् म्या बी काईच लिहिलं नाई."

"मंग हे काय?" पुष्पांजलीनं पान सरकवलं. गुलाबराव, अमडापूर. दहा दिवसांत शुगर नॉर्मल. त्यांचाही हात वर. तिनं एकेक फोटो मोठा करून दाखवला. सगळ्यांच्या मागे हाच काउंटर, हेच कॅलेंडर, आणि काउंटरवर नुकतंच फाडलेलं खोकं.

"मामाजी, फोटो कधी काढला?"

"कडं घालताच. हरिओम म्हणे हात वर करा."

"कडं घालताच फोटो, अन् त्याच तारखेले लिहिलं की दहा दिवसांत गुण आला. दहा दिवस कुठून आले?"

आता सगळ्या माना हरिओमकडे वळल्या. त्यानं खोक्यातली एक चिठ्ठी काढून दाखवली. पाच तारे द्या, फोटोसह चांगला अनुभव लिहा, दुसरे कडे मोफत मिळवा.

"सगळ्याईले दुसरं कडं भेटावं म्हून म्याच लिवलं," तो पुटपुटला. "तुमचं नाव टाकलं की लोक भरोसा करते, म्हून टाकलं म्याडम. खोटं लिवलं असं नाई वाटलं. खाली चार हजार लोक सांगून राह्यले तं खरंच असंन, आज नाई तं दहा दिवसानं गुण येईनच, असं वाटलं."

"तू खालचे वाचले होते?"

"आकडा पाह्यला."

"बेशरमा!" मागून त्याची आई कलाबाई ओरडली. तिच्याही हातात कडं होतं. "म्या बी गोळ्या सोडल्या न रे! मले बी तूच सांगतलं, म्याडमनं तपासलं म्हून!"

हरिओमनं मान खाली घातली. चीड त्याचीही येत होती आणि कीवही. पोरानं आईलासुद्धा त्याच आकड्याच्या भरवशावर सोडलं होतं. गुलाबरावांनी सांगितलं म्हणून रामरावांनी, रामरावांनी सांगितलं म्हणून गुलाबरावांनी, आणि सगळ्यांच्या बुडाशी एक बॅटरी! सगळ्या गावात ज्यानं वापरून पाहिलं आणि मग सांगितलं, असा एकही माणूस नव्हता.

रामरावांनी मनगटावरचं कडं काढायचा प्रयत्न केला. हात सुजला होता, निघेना. कलाबाईनं साबण आणला. कडं निघालं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "एसटी गेली का?"

एसटी अजून वळायची होती. पुष्पांजली तशीच अनवाणी त्यांना घेऊन चढली.

चिखलीच्या डॉक्टरांनी बोट कापलं. पाय वाचला. "आणखी आठवडा थांबला असता तर घोट्यावरून काढावा लागला असता," ते म्हणाले. पुष्पांजलीला हायसं वाटायला हवं होतं. तिला फक्त संताप आला, कारण दोन महिन्यांपूर्वी ते बोटही वाचलं असतं.

घरी आल्यावर रामरावांनी सुनेला समोर बसवून तिच्याकडून खरा अभिप्राय लिहून घेतला. एक तारा. 'कडं खोटं आहे, माझं बोट गेलं, गोळ्या सोडू नका.' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्या नियमांत बसत नाही. हरिओम आपले जुने अभिप्राय काढायला गेला, तर 'विनंती नोंदवली आहे' एवढंच. तक्रार केली, पुन्हा केली. खोटं लिहायला दोन मिनिटं लागली होती, खरं लिहायला दारच नव्हतं. महिन्याभरानं ते कडं पानावरून गेलं खरं, पण तिथंच गुडघेदुखीचा पट्टा आला. तारे पावणेपाच. अभिप्राय चार हजार.

आता यावर कुणी म्हणेल, मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर? जरूर ठेवा, पण विचारून ठेवा. कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, वापरून लिहिलंय का, आणि लिहिण्याबद्दल त्याला काय मिळालंय? गोऱ्ह्याचे दात बघता ना, मग औषधाचेही बघा. आणि चालू गोळी बंद करायची तर ती ज्यानं दिली त्यालाच विचारा, फोनला नको.

रामराव हल्ली रोज सकाळी लॅबमध्ये बोट टोचून घेतात आणि पाय ओढत हरिओमच्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसतात. हरिओमची त्यांना उठवायची छाती होत नाही. परवा बीबी गावाकडची एक बाई पट्टा मागवायला आली. रामरावांनी तिला थांबवलं. ती फणकारली, "चार हजार लोकाईनं चांगला म्हटला हाये, मामा. तुमी एकटे काय सांगता?"

रामरावांनी हरिओमकडून फोन मागून घेतला, पान सरकवत सरकवत आपल्या फोटोवर आणलं आणि तिच्यासमोर धरलं.

"त्या चार हजारातला हा मीच हावो, बाई," ते म्हणाले. "अन् माह्ये गुडघे तं आजवर कधी दुखलेच नाई."

बाईनं फोटोकडे पाहिलं, मग त्यांच्या पायाकडे, आणि पैसे पुन्हा पदराला बांधून, गुडघ्यासाठी कुठला डॉक्टर हे विचारायला, ती रस्ता ओलांडून लॅबकडे निघाली.