हलक्या डब्यांचा कप्पा

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्न शहरातल्या एका घराच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, दाराला दोरी बांधून मला उभं केलं आहे. पण कोंडलेपण काय असतं ते मी वर, स्वयंपाकघरात असतानाच शिकलो.

नवा होतो तेव्हा माझ्या पांढऱ्याशुभ्र रंगाचं फार कौतुक झालं. मग विद्यार्थ्यांच्या सामायिक घरात आलो. तिथे प्रत्येकाचा कप्पा वेगळा, त्यावर नावाची चिठ्ठी. दुसऱ्याच्या कप्प्याला हात लावायचा नाही, असा नियम. वरचा कप्पा धम्मदीपाचा, खालचा यशपालचा.

धम्मदीपा फ्रेंच राज्यक्रांतीतल्या विचारांवर प्रबंध लिहीत होती. चहा पिताना ती तावातावाने सांगायची, "दादा, त्या क्रांतिकारकांतले काही जण स्पष्ट म्हणायचे, आधी जगण्याचा हक्क, मग मालकीचा. पोटाला भाकरी ही दया नव्हे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणून यशपाल मान हलवायचा.

त्याचं स्टिपेंडियम, म्हणजे शिष्यवृत्ती, बंद झालं होतं. कुणाला कळू नये म्हणून तो दह्याचे रिकामे डबे धुऊन, झाकणं लावून माझ्यात नीट रचून ठेवायचा. मी ते इमानेइतबारे थंड करत राहिलो. त्याची भूक मला ठाऊक होती आणि मला नुसतं घरघरता येत होतं. माझा जीव फार गुदमरायचा.

एका रविवारी, दुकानं बंद असताना, धम्मदीपाचं दही संपलं.

"दादा, चमचाभर विरजण घेते हं."

"थांब, मी देतो," म्हणत यशपाल उठेपर्यंत तिने डबा उचललाही होता. विरजणासाठी आपल्याकडे परवानगी कोण काढतं? डबा हलका लागला. शेजारचाही. ती माझं दार धरून तशीच उभी राहिली.

"कधीपासून?"

"आल्झो... म्हणजे... नाताळपासून. पण मला उपकार नकोत. तसं असेल तर मी घरी परत जातो."

"उपकार कुठले? रोज तुलाच हक्क ऐकवत होते आणि माझा कप्पा मात्र वेगळा." तिने स्वतःच्या नावाची चिठ्ठी नखाने खरवडून काढली, मग त्याची. "आता सांग, यातलं कुणाचं काय?"

यशपालने पातेलं घेतलं आणि दोघांपुरते तांदूळ धुतले.

पुढे माझ्यात साचलेला बर्फ कुणी काढला नाही आणि माझी मोटर जळली. उद्या भंगाराची गाडी येईल. तेव्हा एवढंच मागतो, फ्रिज उघडाल तेव्हा आपलाच कप्पा पाहून दार लावू नका. शेजारचा डबा एकदा उचलून बघा. आत कोंडलेल्याला हाक मारता येत नाही, मित्रांनो.