दुसरा शिक्का

तपासनीसाने क्लॅम्पवर लावलेला लाल रंग पुसून पांढऱ्या भुकटीचा फवारा मारला आणि आम्ही पाचसहाजण श्वास रोखून उभे राहिलो. आधी काहीच दिसलं नाही. मग क्लॅम्पच्या डाव्या हाताच्या मुळाशी, जोडाजवळ, एक लाल रेघ हळूहळू उमटली. बोटभर लांब.

"तडा आहे," तपासनीस म्हणाला. बाहेरच्या कंपनीतून वर्षातून एकदा येणारा माणूस, त्याला कोणाची भीड नाही. "आणि आजकालचा नाही. आत गंज धरलाय. दोन महिने तरी झाले असणार. रोज सकाळी बघता ना तुम्ही?"

 रोज तपासणी करणाऱ्या कात्सुमातासानांकडे आपली नजर जाऊ नये म्हणून प्रत्येकजण धडपडत होता.

फुजी शहरातल्या आमच्या गोदामात कागदाचे रोल येतात. एकेक रोल टनभर वजनाचा. फोर्कलिफ्टची पाती काढून त्या जागी दोन वाकडे लोखंडी हात बसवलेले असतात, तोच हा क्लॅम्प. तो रोलला कवेत घेतो आणि तिसऱ्या थरावर नेऊन ठेवतो. वर असताना हात तुटला, तर खाली जो असेल त्याचं काय होईल ते मी लिहीत नाही. म्हणून रोज सकाळी कवायत झाली की क्लॅम्पची तपासणी. बोट रोखायचं, बघायचं आणि मोठ्याने "ठीक!" म्हणायचं. बारा जागा, बारा वेळा. मग तक्त्यावर नावाचे दोन शिक्के. पहिला तपासणाऱ्याचा, दुसरा खात्री करून घेणाऱ्याचा.

पहिला शिक्का एकतीस वर्षं कात्सुमातासानांचा होता. दुसरा अकरा वर्षं माझा.

त्यांचं "ठीक!" ऐकण्यासारखं असायचं. ट्रकवाले कॉफीचा डबा हातात धरून थांबायचे. मी नवी होते तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांच्यापाठोपाठ वाकून क्लॅम्पखाली बघायला गेले, तर कोणीतरी माझी बाही ओढली. "अहो, हे काय करताय? ते बघताहेत ना? त्यांच्यामागून परत बघायचं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं झालं." मला ते पटलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं, कारण गार लादीवर गुडघे टेकायची हौस कोणाला असते? तेव्हापासून ते बोट रोखायचे आणि मी अदबीने स्वतःच्या बुटांकडे बघत उभी राहायचे. बारावं "ठीक!" झालं की माझा शिक्का मारायचे. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

यंदा जानेवारीत त्यांनी घरच्या झाडाची संत्री आणली. "निवडून आणलीत हो, हागीवारासान," म्हणत एक माझ्या हातावर ठेवलं. त्याच्या अर्ध्या अंगाला हिरवी बुरशी लागली होती.

मी ते खिशात टाकलं आणि विचारलं, "डोळे दाखवलेत का हो कुठे?"

"दाखवले की. मोतीबिंदू आहे म्हणतो डॉक्टर. टॉर्च लावला की उलट सगळं पांढरंच होतं." ते हसले. "काढून टाका म्हणतो. पण मग ऑफिसला कळवावं लागणार. चौसष्ट वर्षांच्या माणसाला एकदा फोर्कलिफ्टवरून उतरवला की परत कोण चढवतंय? मार्चमध्ये करार नवा होऊ दे, मग बघू. तोवर झाकली मूठ."

"आणि तपासणी?"

"ती बोटाला पाठ आहे."

मीही हसले. हसायला नको होतं, हे आता कळतं. त्या दिवशी घरी जाताना ठरवलं, की उद्यापासून आपण वाकून बघायचं. पण सकाळी ते बोट रोखून उभे राहिले आणि माझं अंग वाकेना. आता वाकले असते तर का वाकले ते त्यांना लगेच कळलं असतं. मी बुटांकडे बघितलं. तशा आणखी तीस सकाळी गेल्या.

तडा सापडला त्याच दिवशी तीन वाजता वरच्या खोलीत बैठक झाली. आमच्या विभागाचे प्रमुख कुसाकासान मवाळ माणूस. सगळ्यांपुढे चहा आला. टेबलावर दोन महिन्यांचे तक्ते पसरलेले होते आणि प्रत्येकावर आमचे दोघांचे शिक्के शेजारी शेजारी होते.

"कात्सुमातासान, आपण कोणाला दोष द्यायला बसलेलो नाही," कुसाकासान म्हणाले. "फक्त कारण शोधायला बसलोय."

आमच्याकडे हे वाक्य आलं की समजावं, माणूस गेला.

"मला दिसला नाही," कात्सुमातासान सरळ म्हणाले. "डोळ्यांत मोतीबिंदू आहे. कळवायला हवं होतं, कळवलं नाही."

कुसाकासानांनी मान हलवली आणि मग ते माझ्याकडे वळले. "हागीवारासान, दुसरा शिक्का तुमचा आहे. तुम्ही बघितलं होतंत?"

'नाही', एवढाच शब्द होता. माझं तोंड उघडलंही होतं.

"त्यांनी बघितलं होतं," कात्सुमातासान मध्येच म्हणाले. "मला सांगितलंही. मीच म्हटलं, रंगाचा ओरखडा असेल, उगाच शंका काढू नका. त्यांनी शिक्का मारलाय तो माझ्या सांगण्यावरून."

"असं झालं का?" कुसाकासानांनी मला विचारलं.

कात्सुमातासान माझ्या दिशेने बघत होते, पण जरासं बाजूला. माझ्यामागे खिडकी होती. त्या उजेडात माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं आणि लाज वाटायची ती वाटलीच, पण त्याआधी सुटल्यासारखं वाटलं.

"हो," मी म्हणाले.

कुसाकासानांनी ते लिहून घेतलं.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "कात्सुमातासान, मी…"

"राहू द्या हो. एकाने पडावं, दोघांनी कशाला?" ते कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. "मला एक सांगा. केवढी होती ती रेघ?"

"बोटभर."

"बोटभर." ते थांबले. "काल दुपारी मी रोल वर धरला होता आणि तुम्ही तक्ते घेऊन शेजारून गेलात. हाकसुद्धा मारलीत मला."

"मारली होती."

"मीही मारली तुम्हाला, रोल तसाच वर धरून," ते म्हणाले. मग कठडा चाचपत पुढची पायरी उतरले.  

मार्चअखेरपर्यंत त्यांना झाडलोटीचं काम दिलं. त्यापुढे करार नाही, हे कोणी तोंडाने सांगितलं नाही. गाडीवरची त्यांच्या नावाची पट्टी तेवढी कोणीतरी नीट सोलून काढली.

नवीन क्लॅम्प बसला. आता पहिला शिक्का माझा आणि दुसरा नीमीसानांचा. पन्नाशीचे गृहस्थ, पलीकडच्या गोदामातून आलेले, स्वभावाने अतिशय सज्जन. पहिल्या सकाळी मी टॉर्च घेतला आणि खाली बसायला गेले, तेवढ्यात माझ्या गुडघ्यांपुढे पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकला. कात्सुमातासान झाडू घेऊन उभे होते.

"लादी गार असते," म्हणाले आणि गेले.

मी बाराच्या बारा जागा बघितल्या. खरोखर बघितल्या. डाव्या हाताच्या मुळाशी टॉर्च धरून इतका वेळ बघितलं, की डोळ्यांतून पाणी आलं. तिथलं "ठीक!" काही मोठ्याने निघालं नाही. बारावी जागा संपवून उठले, तर नीमीसान माझ्यामागे दोन पावलांवर हात बांधून, अदबीने स्वतःच्या बुटांकडे बघत उभे होते.

"नीमीसान, तुम्हीही वाकून बघा."

"छे छे! तुम्ही इतकं बारकाईने बघितलंत. त्यावर मी काय बघणार?"

"बघा म्हणते ना मी."

"हो हो, अगदी बरोबर आहे तुमचं," असं म्हणत त्यांनी दोनदा मान झुकवली, खिशातून शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि माझ्या शिक्क्याला चिकटून अगदी सरळ उमटवला.

का बघायचं ते सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं तर बैठकीत मी 'हो' म्हणाले होते तिथपासून सांगावं लागलं असतं. मी तक्ता खिळ्याला अडकवला. पलीकडच्या रांगेत झाडूचा आवाज थांबला होता. थोड्या वेळाने तो परत सुरू झाला.