मेहुणीच्या बातम्या आणि आमचे जावईबापू

जावयाचं चष्म्याचं दुकान होतं, पण जीव कॉम्प्युटरमध्ये अडकलेला. त्याने त्यातलं विंडोज काढून लिनक्स घातलं, टीव्ही दिसावा म्हणून एक जुनं ट्यूनर कार्ड बसवलं आणि ते चालतंय का हे न बघताच घरातला टीव्ही देऊन टाकला. बायकोने अबोला धरला. नेमकी तेव्हाच धाकट्या मेहुणीला टीव्हीवर बातम्या वाचायची नोकरी लागली, आणि तिची पहिली संध्याकाळ बघायला सासूबाई येऊन थडकल्या.

दुपारपासून जावई जमिनीवर फतकल मारून बसला होता. कार्ड सापडलं, पण त्याला जागं करणारी फाइल सापडत नाही, असं कॉम्प्युटर म्हणत होता. जावयाने इंटरनेटवरून फाइल उतरवली, तरी काही दिसेना. मग कॉम्प्युटर चालू ठेवूनच आतल्या कार्डावर भिंग धरलं, तर कार्डाच्या खोक्यावर एका चिपचं नाव आणि आत बसलेली दुसरीच. फाइल चुकली होती. त्याने बरोबर फाइल घातली, कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रिस्टार्ट केला, पण कार्ड ढिम्म.

ड्रायव्हरच चालत नाहीये, असं तो पुटपुटला, तेव्हा सासूबाईंनी ड्रायव्हर म्हणजे काय ते विचारलं. कार्डाची भाषा कॉम्प्युटरला कळत नाही, ड्रायव्हर हा मधला दुभाषा, असं त्याने समजावलं.

"मग दुभाष्यालाच काही येत नाही म्हणा ना," त्या शांतपणे म्हणाल्या.

बातम्यांची वेळ होत आली. बायकोला इस्त्री करायची होती. तिने काही न विचारता भिंतीतला एक प्लग उपटला आणि कॉम्प्युटर विझला. जावयाने प्लग परत लावला. वीज पूर्ण गेल्यामुळे कार्डाच्या डोक्यातली जुनी, चुकीची फाइल पुसली गेली होती. या खेपेला ते जागं झालं आणि चॅनेल भराभर सापडू लागले.

"मी फक्त प्लग काढला," बायको म्हणाली. अबोला सुटला तो असा.

पडद्यावर मेहुणी आली. ओठ हलत होते, आवाज मात्र नाही. जावई वायरी हलवायला लागला, तेव्हा सासूबाईंनी हात वर केला.

"गप्प बसा जरा. ती बोलतेय."

त्यांची सगळी नोकरी बधिर मुलांच्या शाळेत गेली होती, ओठ वाचण्यात. मुलीच्या तोंडाकडे बघत त्या बातम्या मोठ्याने सांगू लागल्या. नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद. इथे अडखळली. हं, सावरलं.

"पाव वाढले... की भाव? ओठांवर दोन्ही सारखेच."

"भाव असेल, आई," बायको म्हणाली.

बातम्या संपताच मेहुणीचा फोन आला. आपला आवाज कसा वाटला, एवढंच तिला हवं होतं. सासूबाईंनी फोन जावयापुढे धरला. तो पडद्यावरच्या ज्या खिडकीत आवाजाची बटणं शोधत होता, तिथे त्याला नुकतंच दिसलं होतं की ट्यूनरचा आवाज पहिल्यापासून म्यूटवरच होता.

"आवाजाचं उद्या बोलू," तो म्हणाला, "पण आईंच्या तोंडून फार छान वाटलं."